हा आवाज माहाच हाये

(संघाच्या मासिक सभेत केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या तायांसाठी येथे देत आहोत.)



आज कर्जफेडीचा विषय नाही, तेव्हा जरा निवांत बसा. आज बोलायचं आहे आपल्या आवाजाबद्दल अन् आपल्या फोटोबद्दल.

ग्रुपवर टाकायला एखादीचा आवाज रेकॉर्ड केला अन् तिलाच ऐकवला, की पुढचं ठरलेलंच. "अवं माय, असा आवाज हाये काय वं माहा? पुसून टाक तो!" फोटो काढायचा म्हटलं की पदर तोंडावर, नाहीतर मागच्या रांगेत दडणं. पापड, कुरडया, मसाला आपण करतो. त्याचा व्हिडिओ करायची वेळ आली की बोलायला कुणाचा तरी पोरगा उभा राहतो. माल आपला, मेहनत आपली अन् आवाज दुसऱ्याचा. म्हणून हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही.

आधी आवाजाचं पाहू. दोन्ही कान बोटांनी गच्च बंद करा अन् तोंड मिटून "हं" म्हणा. बाहेरचा आवाज अडला, तरी आतून घुमतो आहे ना? आपण बोलतो तेव्हा आपलाच आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट हवेतून, तोंडातून कानापर्यंत. दुसरी वाट डोक्याच्या हाडांतून. हाडांतून येणारा आवाज जाडसर, भरदार लागतो. ही वाट फक्त ज्याच्या त्याच्यासाठी असते. शेजारीण ऐकते तो हवेतला, अन् मोबाइल पकडतो तोही हवेतलाच. त्यात मोबाइलचा भोंगा लहान, जाड सूर त्याच्यातून पुरते निघत नाहीत. म्हणून आपलाच आवाज आपल्याला बारीक, किरकिरा वाटतो. म्हणजे आवाज बिघडला नाही. नवरा, लेकरं, गटातल्या बाया इतकी वर्षं हाच आवाज ऐकत आल्या आहेत. नवीन आहे तो फक्त तुम्हाला.

1966 मध्ये हॉल्झमन आणि राउझी या दोन अमेरिकन अभ्यासकांनी याच्यावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की कारण एकट्या हाडांचं नाही. रेकॉर्ड ऐकताना आपली घाई, भीती, अडखळणंही आपल्याला ऐकू येतं. बोलताना तिकडे आपलं ध्यान नसतं. म्हणून ऐकताना अवघडल्यासारखं होतं.

आता फोटो. आपण आपलं तोंड रोज पाहतो ते आरशात, अन् आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो. तुमची नथ डाव्या नाकपुडीत आहे. आरशात पाहताना ती तुमच्या डाव्या हाताकडे दिसते. फोटो हातात घेतला की तीच नथ उजवीकडे दिसते. भांग थोडा तिरपा असला, एक भुवई वर असली, तर तेही उलट्या बाजूला जातं. चेहरा तोच, पण ओळखीचा वाटत नाही. 1977 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात काही बायांचे दोन तऱ्हेचे फोटो केले, एक सरळ अन् एक आरशासारखा उलटा. ज्यांचे फोटो होते त्यांच्यातल्या बहुतेकींनी उलटा पसंत केला. मैत्रिणींना मात्र सरळच आवडला. जे रोज पाहतो ते आवडू लागतं. झायोंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट 1968 मध्येच मांडली होती.

फोन तोंडाजवळ धरला की नाक मोठं दिसतं, तो दोष नाकाचा नाही. चार-पाच फूट लांबून काढा, फरक दिसेल.

एक कारण राहिलंच, अन् ते आपल्याकडचं आहे. रेकॉर्ड ऐकून कितीजणी म्हणतात, "लय गावंढळ वाटते वं." इथे लाज आवाजाची नाही, बोलीची आहे. मग हे ध्यानात ठेवा. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. 1956 साली मुंबईत झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले, पण त्यांचा तो आवाज आजही लोक ऐकतात. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी वऱ्हाडीत कविता केली, अन् लोकांनी ती डोक्यावर घेतली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी बायांच्या आवाजातच टेपवर घेतल्या. त्या बायांनी "माहा आवाज चांगला नाही" म्हणून तोंड फिरवलं असतं, तर त्या ओव्या त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

आपल्या घरातही हेच होतं. म्हातारी गेली की हार घालायला फोटो सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतून तिचं अर्धं तोंड कापून मोठं करतात. आवाज तर कुठेच नसतो. तिला तिचा फोटो आवडत नव्हता हे खरं, पण लेकरांना तो पाहिजे होता.

एक गोष्ट मात्र पक्की. कुणी फोटोला नाही म्हटलं तर तिचं नाही म्हणजे नाहीच. न विचारता कुणाचा फोटो, आवाज ग्रुपवर टाकायचा नाही. नाही म्हणायचा हक्क तिचा आहे. फक्त ते लाजेपोटी नसावं, एवढंच माझं सांगणं.

आता काम. पुढच्या सभेच्या आधी प्रत्येकीनं आपल्या गटाच्या एका वस्तूबद्दल एक मिनिट बोलून रेकॉर्ड करायचं. पंखा, टीव्ही बंद ठेवा. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. वाचून दाखवू नका, गिऱ्हाईक समोर उभं आहे असं समजून आपल्या बोलीत बोला. मग तीन दिवस रोज एकदा ऐका, लगेच पुसू नका. पहिल्या दिवशी कसंतरीच होईल, तिसऱ्या दिवशी तेवढं खटकणार नाही. त्यानंतर ते चांगलं की वाईट हे स्वतः ठरवू नका. गटातल्या दोघींना ऐकवा अन् एकच विचारा, "सांगितलं ते समजलं काय?"

समजलं असलं, तर आवाज कामाचा आहे. पुढच्या प्रदर्शनाच्या व्हिडिओत तोच लावू.