गळती कोणाची, निर्बंध कोणावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मेक्सिको सिटी हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलेले आहे. हवा समुद्रकाठच्यापेक्षा जवळजवळ चतुर्थांशाने विरळ. त्यामुळे इंधन नीट जळत नाही आणि ऊन मात्र प्रखर. हिवाळ्यात सकाळी थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसते व शहराने सोडलेला धूर शहराच्याच छातीत जातो. पेट्रोल, रंग, द्रावके, स्वयंपाकाचा गॅस यांतून उडून जाणाऱ्या सेंद्रिय वायूंचा वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी उन्हात संयोग होतो आणि जमिनीलगत ओझोन तयार होतो. बेंझीनसारखा त्यांतला एखादा वायू तर स्वतःच कर्करोगकारक.

१९८६ पासून या शहरात स्वयंचलित मोजणी केंद्रांचे जाळे उभे राहिले. ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांची नोंद होऊ लागली. पण ओझोन ज्या वायूंपासून बनतो, त्यांतील एकेकाची झडती नित्य घेतली जात नव्हती. जे मोजले जात नाही, त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. साऱ्यांचे बोट मोटारीकडे होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रत्येक मोटार आठवड्यातून एक दिवस रस्त्यावर आणण्यास बंदी झाली. ज्यांना परवडत होते त्यांनी दुसरी मोटार घेतली! हवा सुधारल्याचा पुरावा अर्थशास्त्रज्ञ लुकास डेव्हिस यांना २००८ च्या अभ्यासातही सापडला नाही.

डोनाल्ड ब्लेक व शेरवुड रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. शहराच्या निरनिराळ्या भागांतील हवेचे नमुने धातूच्या डब्यांत भरून प्रयोगशाळेत नेले आणि वायू सुटे करून मोजले. ऑगस्ट १९९५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आले: हवेत प्रोपेन व ब्यूटेन विपुल आहेत, म्हणजे न जळलेला स्वयंपाकाचा गॅसच गळतो आहे. (त्याच वर्षी रोलँड आणि याच शहरात जन्मलेले मारियो मोलिना नोबेलचे मानकरी ठरले, तेही आकाशातील ओझोन वाचवण्याच्या संशोधनासाठी. वर हवा असलेला वायू खाली विष ठरतो!)

येथे एक धोका होता. गॅस घरोघरी गळतो म्हटले की दोष गृहिणीच्या माथी मारणे सोपे. परंतु टाकीचे जोड व झडपा तिने बनवल्या नव्हत्या. गॅसचे मिश्रणही तिने ठरवले नव्हते. गळती थांबवावी आणि मिश्रणातील अधिक क्रियाशील घटक कमी करावेत, असा उपाय संशोधकांनी सुचवला. तो कारखान्याच्या व पुरवठादाराच्या दारी जाणारा होता.

मार्च २००६ च्या ‘मिलाग्रो’ मोहिमेत विमानांनीही या खोऱ्याची हवा तपासली. प्रोपेन तेव्हाही ठळकपणे आढळला. मार्च २०१६ मध्ये ओझोन इतका चढला की आणीबाणीचे निर्बंध लागू झाले आणि पुन्हा पहिली टाच मोटारींवरच आली. भाड्याच्या घराच्या गच्चीवरील टाकीची जुनी झडप बदलायची कोणी, भाडेकरूने, घरमालकाने की पुरवठादाराने, हा प्रश्न मोटारींच्या क्रमांकांत सुटत नाही.