बर्फाचे पंचांग

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथे डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसले आहेत, तो मोरे-रोम्सदाल प्रांत पाहू इच्छिणाऱ्याने तिकिटाआधी तेथील बर्फाचे पंचांग पाहावे. भारतातील कुटुंब मुलांच्या शाळा पाहून मे महिना ठरवते; आणि त्या महिन्यात ट्रोलस्टिगेन, म्हणजे अकरा तीव्र वळणांनी कडा चढणारा १९३६ सालचा प्रसिद्ध घाट, बहुधा हिमाखाली निजलेला असतो! मेअखेरीस वा जूनमध्ये तो उघडतो, हिवाळ्याच्या तोंडाशी मिटतो. त्यातही २०२४ साली दरडींमुळे तो ऐन जूनमध्ये बंद करावा लागला. या एका रस्त्यावर सारी सुटी टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

रजा मेचीच असेल, तर रेल्वेचा आश्रय करावा. १९२४ मध्ये पूर्ण झालेली राउमा रेल्वे दोम्बोसहून निघून, ११४ किलोमीटरांत सुमारे साडेसहाशे मीटर उतरत, ओन्दाल्सनेसला फ्योर्डच्या काठी पोचते. वाटेत ट्रोलवेग्गन ही सुमारे हजार मीटर उंचीची उभी भिंत खिडकीतूनच दिसते. तेथून बसने ओलेसुन्द गाठावे. जानेवारी १९०४ च्या आगीत भस्म झालेले हे लाकडी नगर काही वर्षांतच दगडविटांनी, मनोरे व नक्षीसह पुन्हा उभे राहिले. ते पावसातही पाहता येते. आणि पाऊस तेथे असतोच.

जूनमध्ये जाणाऱ्यास मात्र घाई नको. सूर्य रात्री अकरानंतर मावळतो. घाट उघडा असला, तर जेवण आटोपून चढावा. तोवर बहुतेक बसगाड्या खाली परतलेल्या असतात.