रेसिपी तीच, मग बीअर दर वेळी वेगळी का?

काय भो, इअरफोन लावले ना?

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. जळगाव-धुळ्यात बसून हा प्रयोग करायचा नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय बीअर बनवणं गुन्हा आहे, स्वतःपुरती असली तरी. आजचा भाग आहे अमेरिका-इंग्लंडमध्ये गेलेल्या आपल्या खान्देशी मित्रांसाठी. तिकडं घरापुरती बनवता येते, आणि त्यांची तक्रार एकच: रेसिपी तीच, चव मात्र दर वेळी वेगळी.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोड तोच आहे, मशीन बदललंय.

पहिलं, मॅश. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवलं की एन्झाइम स्टार्चची साखर करतात. 64 अंशांवर ठेवलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त, बीअर हलकी. 70 वर ठेवलं तर न पचणारी साखर उरते, बीअर जड लागते. आता बघा: 5 किलो माल्ट, 15 लिटर पाणी, हवेत 67 अंश. माल्ट 25 अंशांवर असेल तर पाणी साधारण 73 लागतं. तेच माल्ट हिवाळ्यात गॅरेजमध्ये 5 अंशांवर असेल, तर 75 च्या वर. म्हणून पाण्याआधी माल्टचं तापमान मोजा. भांडंही आधी गरम करून घ्या, आणि भरड दर वेळी सारखीच ठेवा.

दुसरं, यीस्ट. बहुतेक एल यीस्टला 18 ते 20 अंश मानवतात. जळगावच्या 45 अंशांत दही किती लवकर आंबतं, माहितीये ना? उष्णतेत यीस्टही तसंच सुसाट सुटतं आणि चव बिघडवतं. शिवाय आंबताना ते स्वतः उष्णता सोडतं. त्यामुळे थर्मामीटर भिंतीला नको, भांड्याला चिकटवा.

तिसरं, वही. विल्यम गॉसेट गिनेसमध्ये नोकरीला होता. मोजक्या नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढायचा, हा त्याचा प्रश्न. त्यातूनच 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं त्याचा पेपर आला. आपण बीटेकला शिकलो ती टी-टेस्ट त्यातलीच.

बिबड्यांची ज्वारी आंबली की नाही, हे आई नुसत्या वासावरून सांगते. तिच्यामागे 30 उन्हाळे आहेत, तुमच्यामागे 4 बॅच. तोवर प्रत्येक आकडा लिहा, आणि एका बॅचला एकच बदल करा. दोन केले, तर कशामुळे काय झालं हे कळणारच नाही.

पुढच्या भागात भेटू. चला, येतो!