उपाशी जंतूचे शहाणपण

क्षयाच्या रोग्यास औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, अन्नावर वासना येते. तरीही डॉक्टर सामान्यतः सहा महिने औषध घ्यावयास सांगतात. बरे वाटू लागलेल्या माणसास हा आग्रह अनाठायी वाटतो. त्यामागील कारण समजण्यासाठी जंतूच्या पोटातील कारखाना पाहिला पाहिजे.

प्रत्येक सजीव पेशीत प्रथिने घडविणारे अतिसूक्ष्म कारखाने असतात. त्यांस रायबोसोम म्हणतात. त्यांची रचना उलगडून दाखविल्याबद्दल २००९ साली वेंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी रामकृष्णन हे १९७१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले, हे बडोदेकरांस विशेष अभिमानाचे वाटेल.

माणसाच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू प्रयोगशाळेत पोटभर अन्न मिळाल्यास वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. अशा वेळी त्याच्या एका पेशीत पन्नास हजारांहून अधिक रायबोसोम असतात. परंतु एवढा कारभार मोठा खर्चाचा असतो. अन्न संपल्यावरही तो तसाच चालू ठेवला, तर जंतूचे दिवाळे निघावयाचे!

मग दुष्काळाची वर्दी त्यास मिळते कशी? प्रथिनांचा कच्चा माल म्हणजे ॲमिनो आम्ले. ती रायबोसोमकडे वाहून आणणारे हमाल-रेणू असतात. माल संपला की हे हमाल रिकाम्या हातांनी येऊन उभे राहतात. रायबोसोमपाशी असलेले एक प्रथिन ही खूण ओळखते आणि एक लहानसा संदेश-रेणू तयार करू लागते. मायकेल कॅशेल व जोनाथन गॅलंट या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९६९ साली तो प्रयोगातील ठिपक्याच्या रूपाने दिसला. म्हणून त्यास ‘जादूचा ठिपका’ असे नाव पडले. हा संदेश पसरताच नव्या रायबोसोमांची बांधणी जवळजवळ थांबते.

असलेल्या रायबोसोमांचे काय? त्यांना दोन-दोनांच्या जोडीने जखडणारे एक प्रथिन जपानमधील अकिरा वाडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिले. अशी जोडी काम करीत नाही. कुलूप घातलेल्या गिरणीसारखी ती नुसती जपून राहते. अन्न पुन्हा मिळाले की काही मिनिटांतच कुलपे निघतात.

क्षयजंतूची रीत तपशिलात निराळी आहे. तथापि त्याच्यापाशीही हाच संदेश-रेणू असून दीर्घ उपासमारीत तगून राहण्यास तो उपयोगी पडतो. बहुतेक औषधांचा मारा वाढत्या जंतूंवर जोराने बसतो; काम थांबवून निजलेले जंतू त्यांतून पुष्कळ काळ निभावतात. ताप उतरतो तो जाग्या जंतूंचा नाश झाल्यामुळे. निजलेले जंतू मेलेले नसतात. औषध अर्ध्यावर टाकणारा रोगी त्यांच्या जागे होण्याची वाट मोकळी करून देतो. डॉक्टरांनी घालून दिलेले उरलेले महिने असतात ते याच निजलेल्यांसाठी.