सुई घेण्यापूर्वी



घरात लग्न निघाले की चेहऱ्यावर सुई घ्यावी का, असे हल्ली पुष्कळजणी विचारतात. सुया सारख्याच दिसल्या तरी औषधे निराळी. बोटॉक्स स्नायू सैल करते. कपाळावरच्या आठ्या ३-४ महिने कमी दिसतात. गुण यायला आठपंधरा दिवस लागतात, तेव्हा आदल्या दिवशी धावून उपयोग नाही. फिलर खळगा भरून काढतो. हायलुरोनिक आम्लाचा असल्यास तो विरघळवणारे औषधही आहे. पण फिलर रक्तवाहिनीत गेला, तर दृष्टीही जाऊ शकते. स्वस्त पडते म्हणून पार्लरमध्ये सुई घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा, औषधाचे नाव व मुदत विचारा. आणि सुरकुत्या तशाच ठेवल्यात, तरी विहिणीपुढे लाजू नका.