पंपावरची निळी चिठ्ठी



अमेरिकेतल्या मिनेसोटात सोयाबीन उदंड. २००५ साली तिथे कायदा लागू झाला, डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल घालायचेच. त्याच डिसेंबरात प्रमाणात न बसणारा माल आला, ट्रकचे फिल्टर तुंबले आणि सक्ती काही दिवस उठवावी लागली. तरी टक्का चढतच गेला. २०१८ पासून उन्हाळ्यात २० टक्के. थंडीत ते गोठते म्हणून ५.

आता ज्याच्या गाडीला कंपनीने ५ टक्क्यांचीच मुभा दिली, त्याने उन्हाळ्यात तिथून जाताना काय करावे? शेजारच्या विस्कॉन्सिनमध्येच टाकी भरून घ्यावी. तिथे सक्ती नाही. पण पंपावर निळी चिठ्ठी आहे का, ते तिथेही बघायचे. मिश्रण ५ च्या वर गेले की चिठ्ठी लावावीच लागते, असा साऱ्या देशाचा नियम आहे.

सोयाबीन आपणही पिकवतो. तेलाला गिऱ्हाईक वाढले तर आपल्याला हवेच आहे! पण मिश्रण जास्त झाले तर जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या फुगतात, टाकीतला गाळ सुटून फिल्टरमध्ये बसतो. ट्रॅक्टर आपलाच असतो. आपल्या सरकारच्या २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत ५ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. तेव्हा पंपावर टक्का लिहा, ही मागणी आपण आत्ताच करून ठेवू.