फोडण्यासाठी घडवलेलं

लहानपणी आमच्या घरी मातीचा गल्ला असायचा. ईदीचे पैसे मी त्यात टाकायचो. ते काढायचे तर गल्ला फोडावाच लागे. त्या वेळी नानी तोंड फिरवायची. म्हणायची, ‘‘कुंभाराची मेहनत आहे रे बाबा.’’

तो गल्ला मला आठवला, हिल्दावती सुमांत्री यांच्याविषयी वाचताना. या इंडोनेशियाच्या सिरॅमिक कलावंत. न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या, जकार्ताच्या कलासंस्थेत त्यांनी शिकवलं. आणि आपल्याच हातातल्या मातीचा माग काढत मजपाहितपर्यंत गेल्या. तिथल्या मृण्मय कलेवरच्या प्रबंधासाठी कॉर्नेल विद्यापीठानं १९९५ मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली.

मजपाहित हे पूर्व जावातलं, १२९३ मध्ये उभं राहिलेलं राज्य. ‘माजा’ म्हणजे बेलफळ, ‘पाहित’ म्हणजे कडू. त्याच्या दरबारातल्या कवीनं १३६५ मध्ये ‘नागरकृतागम’ हे काव्य लिहिलं. या कवीचं नाव प्रपंच! राजा हयाम वुरुकचं त्यानं कौतुक केलं, राजवाड्याच्या लाल विटांच्या भिंतीचंही केलं. आम्हा कवींची नजर अशीच, वाड्याकडे आधी जाते. पण त्रोवुलानच्या जमिनीतून निघाली ती मातीची माणसं, छोटी घरं, पाण्याची भांडी, पैसे साठवायचे गल्ले. घडवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

ज्याचा हात मातीत मळलेला आहे त्याला खापरी वेगळी दिसते. बोट कुठे दाबलं, साच्याचे दोन भाग कुठे जुळवले, भट्टीत तडकू नये म्हणून आत पोकळी कशी ठेवली, हे त्याला चटकन कळतं. हिल्दावती अशा हातानं संशोधनाकडे आल्या, याचं मला मोल वाटतं. त्या आज हयात नाहीत.

त्रोवुलानची तीच माती विटांसाठीही खणली जाते. जुन्या विटा कुटून त्यांची भुकटी बांधकामाला विकली गेली आहे. वीटवाल्यांना दोष देणं मला जमत नाही. पोट त्यांनाही आहे. पण खणताना फावड्याखाली आलेलं इवलंसं घर पुन्हा कोण घडवणार?

तिथल्या गल्ल्यांतले काही चक्क रानडुकराच्या आकाराचे आहेत. रानडुक्कर म्हणजे ‘चेलेंग’, म्हणून गल्ला ‘चेलेंगान’. जावात आज बहुसंख्य मुसलमान आहेत, तरी पैसे साठवायच्या डब्याला तिथे हाच शब्द आहे. नानीनं ऐकलं असतं तर आधी ‘तौबा’ म्हटलं असतं. मग हळूच विचारलं असतं, ‘‘आतून किती निघाले?’’